मुद्देमाल पावती

कोर्टाचा आदेश आज आला, साडेसहा वर्षांनी:
मुद्देमाल क्रमांक सेहेचाळीस वारसांना परत करावा.
साहेब, तुमचं पाकीट मी मांडणीवरून खाली काढलं.
धूळ होती. उंदरांनी मात्र सोडलं होतं.

आजूबाजूच्या गाठोड्यांवर सगळं तुमचंच अक्षर:
चाकू एक, मूठ लाकडी, पातं साडेचार इंच.
सायकल एक, सीट फाटलेली.
तांब्याची तार, वजन अंदाजे.
‘अंदाजे’खाली तुम्ही दोन रेघा मारायचात,
म्हणायचात, अंदाज असेल तर अंदाज म्हणून सांगावं.

फक्त तुमच्या पाकिटावर अक्षर माझं.
त्या रात्री हात हलत होता,
तरी वेलांट्या नीट आल्यात:

शिट्टी एक, साखळीसह.
टोपी एक, डावीकडे चेपलेली.
बूट एक.
कागद एक, घडी घातलेला, निळ्या शाईत मजकूर.

मजकूर काय, ते लिहिलं नाही.
पंचांनी विचारलं. म्हटलं, घरगुती.

रे रोडच्या पुलाजवळ नाकाबंदी,
पहाटेचे पावणेतीन. बॅरिकेड दोन, माणसं चार,
त्यातलं एक चहा आणायला गेलेलं.
ते एक मी.
माझ्या जबाबात आहे हे, पान तीन,
आणि उलटतपासणीत वकिलाने तेच फिरवून फिरवून विचारलं.
म्हणजे टेम्पो तुम्ही पाहिला नाही?
नाही.
ऐकलं काही?
शिट्टी.
किती वेळा?
एकदा. अर्धी.
कोर्टाने लिहून घेतलं: एकदा.

ऑक्टोबरात नायगावच्या मैदानावर नावं वाचतात.
त्या वर्षी तुमचंही वाचलं:
भालचंद्र तोंडणकर.
तोंडणकर, साहेब!
माझ्या पहिल्या पंचनाम्यातले अकरा अनुस्वार
तुम्ही लाल पेनाने खोडले होते.
एका टिंबावर माणूस सुटतो, बाई,
आणि एका टिंबावर अडकतो.
बिगूल वाजत होता, हात सलामीत होता,
आणि मी ओठातल्या ओठात
ते टिंब खोडत उभी होते.

दुपारी वहिनी आल्या, थोरलीला घेऊन.
क्वार्टर सोडल्यापासून दिव्याला राहतात.
दोरीची गाठ तुम्हीच शिकवलेली,
कोणी सोडली तर कळलंच पाहिजे अशी.
मला सुटेना. ब्लेड शोधायला लागले
तर वहिनी म्हणाल्या, थांब,
आणि नखांनी सावकाश, लाखेचा चुरा पदरात झेलत,
सोडवली.
म्हणाल्या, लेंग्याच्या नाडीलासुद्धा अशीच मारायचे.
हसल्या. मग मुलगी हसली.
मग मी, ड्यूटीवर असून.

कागद त्यांनी उभ्याउभ्याच वाचला.
शनिवार: गॅस. मुलीची फी.
चष्मा, लालबाग, काड्या बदलून झाल्या असतील.
‘चष्मा मी आणला,’ त्या म्हणाल्या, ‘तेराव्यानंतर.
दुकानदार पैसे घेईना.
घरात पडून आहे. तो नंबर कुणालाच होत नाही.’

आणि दुसरा बूट?

दुसरा टेम्पोबरोबर फरपटत
कॉटन ग्रीनच्या सिग्नलपर्यंत गेला होता.
तिथे मिळाला, म्हणून त्याचा पंचनामा वेगळा,
क्रमांक सत्तेचाळीस.
आदेशात सत्तेचाळीस नाही.
पुन्हा अर्ज करावा लागेल, वहिनी.
हे बोलताना मी रजिस्टरकडे पाहत होते.
त्यांनी मान हलवली,
पावतीवर ‘वरील वस्तू मिळाल्या’च्या पुढे
स्वतःहून लिहिलं: बूट एक.
खाली सही. एकही अनुस्वार जास्तीचा नाही.

मांडणीवर तेवढी जागा रिकामी झाली.
सहाच्या सुमाराला चोरीची तांब्याची भांडी आली,
पोतंभर. तराजू बिघडलेला.
लेबलावर लिहिलं, वजन अंदाजे.
खाली दोन रेघा मारल्या.